अक्षरचित्रे आणि इस्लामी मूल्यसंस्कार : एक चिकित्सा

बालकाचे वाचन अक्षराआधी चित्रापासून सुरू होते, हा विचार नवा नाही. कोमेनियसचे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे सचित्र पुस्तक १६५८ मध्येच प्रसिद्ध झाले होते. मराठी अक्षरतक्ताही याच तत्त्वावर उभा आहे. मात्र ‘ऋषी’, ‘यज्ञ’ ही त्यातील चित्रे मुस्लिम बालकाच्या घरच्या अनुभवात क्वचितच असतात. खजूर, ईदचा चंद्र, वजूचे पाणी ही त्याची परिचित वस्तुसृष्टी होय. आणि ख, च, प ही अक्षरे शिकविण्यास ती पुरेशी आहे.

इस्लामला चित्र वर्ज्य असल्याने हा मार्गच बंद आहे, असे मानणे उतावळेपणाचे ठरेल. सजीवांच्या चित्रणाविषयी धर्मपंडितांत मतभेद आहेत. प्रेषितांचे चित्र टाळण्याचा संकेत मात्र सर्वसाधारणपणे पाळला जातो. हजरत आयेशा बाहुल्यांशी खेळत, असा उल्लेख हदीसमध्येच येतो. कोल्हापूरला तर हा प्रश्न परका वाटू नये. राजर्षी शाहूंच्या आश्रयाने १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, त्याच दरबारात अबालाल रहिमान हे चित्रकार होते. रंकाळ्याच्या परिसराची त्यांची निसर्गचित्रे बालवाडीत लावली, तर पाणी, झाड, आकाश हे शब्द कोणाच्याही श्रद्धेला धक्का न लावता मुलांच्या तोंडी येतील.

खरी उणीव मूल्यतक्त्यांत आहे. ‘चांगला मुलगा नमाज पढतो’ अशा ओळीवर हात जोडल्यागत बसविलेले चित्र बालकाला बोलण्यासारखे काहीच ठेवत नाही; ‘आदर्श बालका’च्या जुन्या तक्त्यांचाही हाच दोष होता. याउलट वजू करणारी मुलगी नळ बंद करते आहे, असे चित्र पाहा. वाहत्या नदीकाठीही पाण्याची उधळपट्टी करू नये, ही हदीसची शिकवण त्यात आहे. पण ‘तिने काय केले?’ याचे उत्तर बालकाला स्वतःच्या शब्दांत द्यावे लागते. भाषा व मूल्य येथे एकाच कृतीत येतात.

एक तांत्रिक बाब सहसा दुर्लक्षित राहते. मराठी डावीकडून, तर उर्दू उजवीकडून वाचली जाते. मराठी पुस्तकातील चित्रमालिका उर्दू आवृत्तीत तशीच छापली, तर नळ आधी बंद होतो आणि वजू नंतर! घरी दखनी बोलणाऱ्या, मराठी शाळेत जाणाऱ्या व मदरशात अरबी अक्षरे गिरविणाऱ्या बालकाचा गोंधळ यातून वाढतो. चित्रांचा क्रम लिपीनुसार उलटविणे, ही छपाईपूर्वीची साधी दक्षता आहे.