‘जिणं आमुचं’ : एक पुस्तक, दोन वाचनं

बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ मी पहिल्यांदा वाचलं ते १४ एप्रिलच्या रात्री, शिरड शहापूरच्या आमच्या वस्तीत. मिरवणूक संपली होती, पण अंगात ढोल वाजत होता. त्या भरात मला काय दिसलं? बाबासाहेबांचं जेजुरीचं भाषण. पोरं शाळेत घालायला उठलेल्या बाया. तेवढ्याखाली रेघा मारल्या, दुसऱ्या दिवशी विहारात गर्जून वाचलं. टाळ्या पडल्या.

श्रावणात आक्का माहेरी आली. पाठीवर वळ. दाजी चळवळीतलेच, भाषण झकास करतात. त्या रात्री मी तेच पुस्तक उघडलं. आता दिसल्या त्या सासरी उपाशी राबणाऱ्या, नवऱ्यानं नाक कापलेल्या सुना. पानं तीच. एप्रिलमध्ये डोळ्यांखालून गेलेली, पण मनावर उमटलीच नव्हती.

हे माझ्यापुरतंच नाही. १९८१ साली गॉर्डन बॉवर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग मांडला. संमोहनानं काहींना आनंदी, काहींना दुःखी केलं आणि सगळ्यांना एकच गोष्ट वाचायला दिली. गोष्टीत एक माणूस सुखी, एक दुःखी. दुःखी वाचकांच्या ध्यानात दुःखी माणूसच जास्त राहिला.

प्रस्थापित समीक्षक कीव घेऊन येतो, म्हणून त्याला आपल्यात नुसतं दैन्य दिसतं, असं आपण म्हणतो. खरंच आहे ते. पण आपल्या अभिमानालाही झापडं असतात, त्याचं काय? बेबीताईंनी हे घरच्यांपासून लपवून लिहिलं. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात, १९८६ मध्ये पुस्तकरूपात आलं. स्वतः नवऱ्याचा खाल्लेला मार त्यांनी त्यात लिहिलाच नाही. तो पुढं मुलाखतीत सांगितला. घर काय ऐकून घेईल, हे बाईला आधीच ठाऊक असतं.

माझं दुसरं वाचनही अर्धंच होतं. त्या रागात जेजुरी दिसली नाही. मार खाणारी आणि उठून उभी राहणारी, या बाया एकाच वस्तीतल्या, हे दोन्ही वाचनं शेजारी ठेवली तेव्हा कळलं. म्हणून समीक्षकानं आपण कोणत्या मनानं वाचलं हे आधी सांगावं, आणि मन पालटलं की पुन्हा वाचावं.

आक्का म्हणली, “भाषणाचं वाचलास, आता नाकाचं बी वाच की.”

येत्या बैठकीत दोन्ही पानं वाचणार आहे. दाजींनाही बोलावणं धाडलंय.