हरित पक्षाचें चौथें सूत्र

राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांकडे चिकित्सेनें पाहण्याची आपल्याकडे चाल नाहीं, आणि बहुतेक जाहीरनामे त्या योग्यतेचे नसतातहि. निवडणूक आटोपली कीं त्यांचें आयुष्य संपतें. जर्मनींतील हरित पक्षानें १९८० सालीं सारब्र्युकेन येथें संमत केलेला पहिला कार्यक्रम मात्र याला अपवाद मानावा लागेल.

हरित विचाराचे पक्ष त्यापूर्वींच जन्मले होते. १९७२ सालीं टास्मानियांत पेडर सरोवर धरणाच्या पाण्याखालीं जाऊं नये म्हणून एक गट निवडणुकीस उभा राहिला. त्याच वर्षीं न्यूझीलंडमध्यें ‘व्हॅल्यूज’ पक्ष निघाला. जर्मनांनीं हा विचार चार सूत्रांत बांधला: सृष्टिरक्षण, सामाजिक न्याय, तळापासूनची लोकशाही आणि अहिंसा. यांतील चौथें सूत्र आपल्या विशेष ओळखीचें. पक्षाच्या संस्थापकांपैकीं पेट्रा केली या तर गांधीजींचें ऋण उघडपणें मानीत.

परंतु कार्यक्रमाची खरी दुर्बलता याच सूत्रांत आहे. त्यानें स्वसंरक्षणाचा हक्क राखला, लष्करी गटांचें विसर्जनहि मागितलें. पण सीमेपलीकडे निरपराध लोकांची कत्तल चालली असतां काय करावें, या प्रश्नाला तो भिडत नाहीं. १९८३ सालीं ५.६ टक्के मतें मिळवून संसदेंत शिरलेल्या विरोधकांना तें चालण्यासारखें होतें. १९९८ सालीं पक्ष सत्तेंत आला, योश्का फिशर परराष्ट्रमंत्री झाले, आणि पुढल्याच मार्चमध्यें नाटोच्या विमानांनीं कोसोव्होच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर बाँबवर्षाव सुरू केला. त्यांत जर्मन विमानेंहि होतीं. १३ मे १९९९ रोजीं बीलेफेल्डच्या अधिवेशनांत फिशर यांच्यावर तांबडा रंग फेकण्यांत आला; तरी बहुमतानें हल्ल्यांस केवळ तात्पुरता विराम मागितला, कायमचा नव्हे.

फिशर यांची बाजू क्षुल्लक नव्हती. ज्या राष्ट्राच्या इतिहासांत ऑश्विट्झ आहे त्यानें वंशसंहाराकडे पाठ फिरवूं नये, हा युक्तिवाद कोणाहि विचारी माणसास अडविणारा आहे. आमचा आक्षेप पुढील लेखनावर आहे. २००२ च्या नव्या मूलभूत कार्यक्रमांत अहिंसेचें सूत्र कायम ठेवून, आंतरराष्ट्रीय कायद्यास संमत असें बळ कधीं कधीं टाळतां येत नाहीं, अशी पुस्ती जोडली आहे. पण १९९९ च्या त्या युद्धास सुरक्षा समितीची संमति नव्हती. म्हणजे ज्या कृत्यामुळें ही पुस्ती आवश्यक झाली, तेंच कृत्य तिच्यांत नीट मावत नाहीं.

पक्षानें सारींच वचनें मोडलीं असें नव्हे. १५ एप्रिल २०२३ रोजीं जर्मनींतील शेवटचीं तीन अणुवीजकेंद्रें बंद झालीं आणि त्याचा सर्वांत जुना हट्ट तडीस गेला. म्हणूनच चौथ्या सूत्राविषयींची ही संदिग्धता अधिक खटकते. तत्त्व प्रसंगीं मोडावें लागतें; तें मोडलें असें सरळ लिहिलें असतें, तर पुढल्या पिढीस त्यापासून कांहीं शिकतां आलें असतें. वाचकांनीं हे दोन्ही कार्यक्रम शेजारीं ठेवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे.