'वाऱ्याच्या गावा'ची वर्णमाला

'हाप्पी एंडो' या जपानी रॉक वृंदाचे 'काझे ओ आत्सुमेते' हे एकच गाणे सोफिया कोपोला यांच्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' (२००३) या चित्रपटामुळे जपानबाहेर पुष्कळांच्या कानी पडले. ते ज्या 'काझेमाची रोमान' (१९७१) या ध्वनिमुद्रिकेचा घटक आहे, तिच्याकडे मात्र सलग संहिता म्हणून क्वचितच पाहिले जाते. सुटे ऐकले तर त्या गाण्यातून हळवी नगरस्मृती तेवढी हाती लागते. संपूर्ण मुद्रिका ऐकली, आणि मुख्य म्हणजे वाचली, तर तिच्या केंद्रस्थानी नगराइतकीच भाषा आहे, हे ध्यानात येते.

'यूआरसी' या स्वतंत्र संस्थेने काढलेल्या या मुद्रिकेचे कल्पनासूत्र वृंदाचे तालवादक आणि प्रमुख गीतकार ताकाशी मात्सुमोतो यांचे. १९६४च्या ऑलिंपिकनिमित्त झालेल्या बांधकामांत त्यांच्या बालपणीचे तोक्यो नाहीसे झाले. त्याच्या जागी त्यांनी 'काझेमाची', म्हणजे वाऱ्याचे गाव, कल्पिले. रस्त्यावरच्या ट्रामगाड्याही त्याच सुमारास एकामागून एक बंद होत होत्या. अर्थात सर्वच गाणी या सूत्रात बसतात असे नाही, आणि काही ठिकाणी गतकातरता गोडसर होते, हेही मान्य करावयास हवे.

परंतु नगर गमावल्याची ही जाणीव व्यक्त कोणत्या भाषेत करावयाची? १९७०च्या सुमारास जपानमध्ये रॉक इंग्रजीत गावा की जपानीत, असा वाद पेटला होता. युया उचिदा प्रभृतींचा कौल इंग्रजीकडे होता. 'हाप्पी एंडो'ने जपानीची बाजू घेतली. आपल्याकडील एखाद्या अभ्यासकाला येथे चटकन देशीवाद आठवेल. तो मोह आवरलेला बरा. या वृंदाचा नाद 'बफेलो स्प्रिंगफील्ड'सारख्या अमेरिकी वृंदांकडून घेतलेला आहे आणि तो ऋण लपवीत नाही. वृंदाचे नावच पाहावे: शब्द इंग्रजी, पण परकीय शब्दांसाठी रूढ असलेली काताकाना लिपी टाळून ते हिरागानात लिहिलेले. परकेपण पुसले जात नाही; ते घरच्या लिपीत येऊन अवघडून बसते.

'हाइकारा हाकुची' या गाण्यात ही युक्ती सर्वाधिक टोकदार होते. 'हाइकारा' हा इंग्रजी 'हाय कॉलर'पासून मेइजी काळात घडलेला, पाश्चात्त्य टापटिपीची नक्कल करणाऱ्यांसाठीचा शब्द. 'हाकुची' म्हणजे जडबुद्धी. तीच अक्षरे निराळी तोडली की 'फुप्फुसांतून ओकलेले रक्त' असा अर्थ निघतो. शीर्षक चित्रलिपीत दिले असते तर एक अर्थ निश्चित झाला असता. हिरागानात दोन्ही अर्थ जिवंत राहतात. हा श्लेष शोभेचा नाही. अनुकरणाचा उपहास आणि अनुकरण करणाऱ्याचे दुखणे एकाच ध्वनिमालेत सापडतात, आणि परक्या नादावर गाणारा गायकही त्यातून सुटत नाही. उपहास स्वतःवरही उलटतो, म्हणूनच मला हे गाणे मुद्रिकेतील सर्वांत प्रामाणिक वाटते.

शेवटचे 'आइउएओ' हे अगदी छोटे गाणे याच्या नेमके उलट जाते. जपानी स्वरांचा हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून, संस्कृत वर्णमालेच्या प्रभावाने सिद्ध झाला, असे मानले जाते. मराठी वाचकाला अ-इ-उ-ए-ओ ही रांग ओळखीची वाटते ती उगाच नव्हे. बाराखडीसारख्या या निरर्थ ध्वनिक्रमावर मात्सुमोतो चित्रलिपी चढवितात: 'आइ' म्हणजे प्रेम, 'उए' म्हणजे भूक, आणि 'ओ' हा कर्मदर्शक प्रत्यय. कानाला मुळाक्षरेच ऐकू येतात. प्रेम आणि भूक फक्त छापील शीर्षकात दिसतात. प्रत्यय लागला की जपानी वाक्यात पुढे क्रियापद अपेक्षित असते. येथे ते येत नाही, आणि मुद्रिका तेथेच थांबते.