बहिणीचे दागिने, भावाची पुस्तके

दलित आत्मकथनांची समीक्षा आजवर वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांभोवती फिरत आली आहे. ही समीक्षा चुकीची होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यातून एक साधी गोष्ट निसटली. आपली बहुतेक आत्मकथने ही मुळात शिक्षणाच्या कहाण्या आहेत. लिहिणारा शिकला म्हणून लिहू शकला. मग तो कसा शिकला, कोणाच्या कष्टावर शिकला, आणि शिकून आल्यावर घरातल्या बाईशी कसा वागला, हे प्रश्न वाङ्मयबाह्य समजून बाजूला ठेवता येत नाहीत. आज तर ते पुन्हा विचारणे भाग आहे, कारण मुलगे शिक्षणात मागे पडत आहेत अशी ओरड सर्वत्र ऐकू येऊ लागली आहे.

ओरड निराधार नाही. महाराष्ट्रात २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, तर मुलगे ९४.५६ टक्के. त्याच वर्षी बारावीत मुलींचे प्रमाण ९५.४४ होते आणि मुलांचे ९१.६०. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत २०१८-१९ साली मुलींचे पटनोंदणीचे प्रमाण पहिल्यांदाच मुलांच्या किंचित पुढे गेले. आपल्या वस्त्यांत काम करणाऱ्या शिक्षकांना यासाठी आकडेवारीची गरजही नाही. नववी-दहावीत शाळा सोडून सेंटरिंगच्या, रंगाच्या नाहीतर हमालीच्या कामावर जाणारी मुले ते रोज पाहतात.

या वस्तुस्थितीवर दोन प्रतिक्रिया उमटतात. मुलींचे लाड पुष्कळ झाले, आता मुलांकडे पाहा, असे पहिला पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, मुलांना घराने आणि समाजाने सारे काही दिलेलेच आहे, त्यांची चिंता कशाला? वरवर हे पक्ष एकमेकांविरुद्ध दिसतात. पण मुलाला मिळते ते मुलीच्या वाटणीचेच असते आणि मुलीला मिळते ते मुलाच्या, हे गृहीत दोघांचेही आहे. दलित वाङ्मयाची साक्ष काढली तर हे गृहीत टिकत नाही.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात एक हकीकत आहे. मुंबईत भीमराव शाळेत शिकत असताना त्यांना पुस्तकांचे वेड लागले होते. हाती पैसा नसला की सुभेदार रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे जात आणि हातउसने पैसे मागत. तिच्याकडे नसले तर दुसरीकडे जात, तिचा लग्नातला दागिना मागून घेत आणि सावकाराकडे गहाण ठेवत. पेन्शन आली की तो सोडवून परत करीत. पुढे विदेशात आणि विशेषतः लंडनमध्ये बाबासाहेब शिकत असताना रमाबाईंनी मुंबईत गोवऱ्या थापून संसार ओढला, हे तर प्रत्येक जयंतीला सांगितले जाते.

आपण ही हकीकत त्यागाची कथा म्हणून सांगतो आणि टाळ्या घेतो. खरे तर ती हिशेबाची कथा आहे. बहिणीचा दागिना भावाच्या पुस्तकांत गेला. तो नुसता गेला असता तर ती शोषणाचीच आणखी एक गोष्ट ठरली असती. रामजींनी तो सोडवून परत केला, आणि मुलाने ते ऋण आयुष्यभर ध्यानात ठेवले. १९१३ साली न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींचेही शिक्षण चालले तर आपली प्रगती वेगाने होईल, असे तरुण भीमराव सांगत होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडात आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांशी थेट संवाद केला. नवऱ्याशी मैत्रिणीच्या, बरोबरीच्या नात्याने वागा, असे नागपूरला बजावले. हिंदू कोड बिलाची अडवणूक झाली तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडताना त्यांनी जी कारणे दिली त्यांत हे बिल ठळकपणे होते. शिकलेल्या पुरुषाने दागिना परत करणे म्हणजे काय, हे यावरून समजते.

हीच कसोटी आपल्या आत्मकथनांना लावून पाहिली पाहिजे. पुरुषांच्या आत्मकथनांत मुलाला शिकताना काय काय भोगावे लागले याचा मोठा दस्तऐवज आहे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मधला पोरका मुलगा बहिणीच्या आश्रयाला येतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेच्या दप्तरात बापाचे नाव काय लावायचे इथूनच अडचण सुरू होते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारालाच सांगतो, जणू शिकलेल्या माणसाने न शिकलेल्या स्वतःची जबानी घ्यावी. या मुलांची वाट मुलींनी अडवली होती काय? उपास, अपमान, गुरुजींची छडी आणि मागच्या कोपऱ्यातली जागा यांनी ती अडवली. आजच्या वादात पहिल्या पक्षाने हे पुरावे वाचावेत.

मात्र याच पुस्तकांत दुसरीही एक नोंद आहे. तिच्याकडे समीक्षेने पाहिले नाही. पुरुषांच्या आत्मकथनांत आई फार मोठी होऊन येते. तिच्या कष्टांवर लेखक भरभरून लिहितो. बहीण मात्र येते आणि जाते. ती शाळेत का गेली नाही, तिच्या हातून पाटी कधी सुटली, हे बहुधा कळत नाही. लिंबाळे यांचे श्रेय असे की केळीच्या साली उचलून खाणारी बहीण त्यांनी झाकून ठेवली नाही. पण भुकेपुरती दिसलेली ही बहीण शिक्षणाच्या प्रश्नात पुन्हा अदृश्य होते. आईचा गौरव करणे सोपे असते, कारण आई काही मागत नाही. बहीण बरोबरीची असते, ती वाटा मागू शकते. आपल्या वाङ्मयात आई इतकी मोठी आणि बहीण इतकी लहान का, याचे एक कारण इथे सापडते.

‘बलुतं’मध्ये दगडूने सईशी झालेला संसार संशयापायी कसा मोडला ते लिहिले आहे. समीक्षकांनी त्याला प्रांजळपणाचे प्रमाणपत्र दिले आणि विषय मिटवला. प्रांजळपणा आहेच. परंतु वाचकाने पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. ज्या शिक्षणाने दगडूला जातीची उतरंड दाखवली, त्याच शिक्षणाने त्याला घरातली उतरंड का दाखवली नाही?

या प्रश्नाचे उत्तर स्त्रियांच्या आत्मकथनांत आहे. म्हणून ती पुरुषांच्या पुस्तकांशेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत, वेगळ्या कप्प्यात नव्हे. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही दोन्ही पुस्तके १९८६ साली ग्रंथरूपाने आली. सोलापूर जिल्ह्यातल्या महुद गावची नाजा शाळेत जाते, शिकते आणि शिक्षिका होते. तिचा नवराही मास्तर. तरीही तो दुसरी बायको करतो आणि नाजाला माहेरची वाट धरावी लागते. बेबीताई फलटणच्या दुकानात बसून पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचत राहिल्या. स्वतः लिहू लागल्या तेव्हा तो मजकूर त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवला. लिहिणे ही घरात लपवण्याची गोष्ट व्हावी, तीही आंबेडकरी घरात, याचा अर्थ समजून घेतला पाहिजे.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) रत्नागिरीकडची विधवा आई बांबूची आयदाने विणून मुलांचे शिक्षण पार पाडते. मुलीला शाळेत शेण काढायला लावून वर गुरुजी मारतात, तेव्हा हीच अडाणी आई त्यांना जाब विचारते. पुढे लग्न झाल्यावर मुलगी एम.ए.पर्यंत शिकते, लिहू लागते, चळवळीत उतरते, आणि कुरबूर सुरू होते ती स्वतःच्या घरातून. शाळेतल्या अपमानाविरुद्ध आईपासून चळवळीपर्यंत सारे उभे राहिले. घरातल्या कुरबुरीविरुद्ध मात्र तिला एकटीलाच उभे राहावे लागले.

ही पुस्तके एकत्र वाचली की दिसते ते असे. मुलाला शिकायला अन्न, निवारा, पुस्तके आणि अपमान न करणारा शिक्षक लागला. हे त्याला घराबाहेरून मिळायला हवे होते. बाहेरच्यांनी ते नाकारले, म्हणून ते आईच्या अंगातून आणि बहिणीच्या वाट्यातून काढावे लागले. घरातून मिळाले म्हणून घरच्या बाईचा वेळ आणि श्रम हा आपला हक्कच आहे, अशी त्याची समजूत झाली. मुलाची उपेक्षा आणि मुलीवरचा अन्याय अशा रीतीने एकाच ठिकाणी जन्माला येतात. एकाच्या नावाने दुसऱ्याशी भांडण लावणे म्हणजे मूळ गुन्हेगाराला मोकळे सोडणे होय.

तो गुन्हेगार अजून मोकळाच आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय त्याला पुरेसा होता. २०१७ साली खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने शिवणकाम करून मुलांना वाढवले होते. मे २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवीने जीवन संपवले, आणि जातीवरून झालेल्या छळाचे आरोप पुढे आले. मुलगा आणि मुलगी दोघांनाही ही व्यवस्था जगू देत नसताना, दोघांपैकी कोण पुढे गेले याची टक्केवारी मांडत बसणे आपल्याला परवडणारे नाही.

मग मुलांसाठी करायचे काय? आपल्या इतिहासात याचे उत्तर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला काढलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि वसतिगृहातली कामे स्वतःच्या हातांनी करीत. या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. इथेही दागिने बाईचेच गेले, हे विसरू नये. पण ज्याला रोज झाडलोट करावी लागते, स्वयंपाकाला हात लावावा लागतो, त्याला भाकरी आपोआप ताटात येत नाही हे भाषणावाचून कळते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली औरंगाबादला तिचे महाविद्यालय उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातल्या खेड्यांतली मुले तिथे आली, त्यांत सोनकांबळेही होते. नागपुरात हमाली करून शिकलेल्या जाईबाई चौधरींनी मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा चालवली, हे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथामुळे आपल्याला ठाऊक आहे. मुलांचे वसतिगृह आणि मुलींची शाळा ही एकाच चळवळीची दोन कामे होती. एकाचा पैसा दुसऱ्याकडे वळवा, अशी मागणी त्या पिढीने केली नाही. तिने दोन्ही मागितली.

आज वस्तीतला मुलगा मागे पडतो त्याची कारणे बारकाईने पाहावीत. बाप आजारी किंवा व्यसनी असला की कमावता व्हायचा बोजा आधी मुलावर पडतो. त्याच्याकडे पाहताच हा पुढे टवाळच होणार असे मानणारे शिक्षक आहेत. आणि घरात त्याला सर्व कामांतून सूट आहे. या सुटीला आपण प्रेम म्हणतो. बहीण पाणी भरते, भांडी घासते, आणि उरलेल्या तासात अभ्यास करते, कारण पुस्तक हीच तिची सुटकेची वाट आहे. भावाला सांगितले जाते की तू पुरुष आहेस, तुला काही सिद्ध करायचे नाही. जन्माने मिळालेला मोठेपणा माणसाला आळशी आणि उद्धट करतो, हे ब्राह्मण्याविषयी आपण शंभर वर्षे सांगत आलो. आपल्याच घरात मुलाला जन्माचा मोठेपणा देऊन त्याने मात्र कष्टाळू व्हावे, ही अपेक्षा कशी धरता येईल?

म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे मागाव्या लागतील. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी आणि वसतिगृहे मुलगा व मुलगी दोघांसाठी पुरेशी असावीत, ही मागणी सरकारकडे. मागच्या बाकावरच्या मुलाला नावाने हाक मारावी आणि छडीऐवजी वेळ द्यावा, ही शिक्षकांकडे. कार्यकर्त्यांकडे मागणी अशी की अभ्यासिकेत मुलांना बसवताना त्यांच्या बहिणी त्या वेळी कुठे आहेत हे विचारावे, आणि घरचे काम भावाबहिणीत वाटले गेले की नाही याची चौकशी करायला लाजू नये.

लेखकांकडेही एक मागणी आहे. आईवर आपण पुष्कळ लिहिले. आता शिकलेल्या भावाने न शिकलेल्या बहिणीवर लिहावे. तिचे नाव, तिची इयत्ता, शाळा सुटली ते वर्ष आणि ती सुटली त्याचे कारण लिहावे. त्यात कोणाची बदनामी नाही. ज्या दागिन्यावर आपली पुस्तके आली तो अजून सावकाराकडे पडून आहे, आणि तो सोडवायची ऐपत आता आपल्याजवळ आहे.