तळटिपेतली माणसे

एम. ए.च्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प मी दरवर्षी तपासतो. त्यातला एक मनातून जात नाही. विषय होता मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. हे सारे त्या मुलाने लिहिले होते. पण पहिली सहा पाने एका छापील पुस्तकातून जशीच्या तशी उतरवलेली होती आणि त्या पुस्तकाचे नाव कुठेही नव्हते.

सातव्या पानावर मात्र भाषा बदलली. घर पेटले तेव्हा एका बाईने आधी काय उचलले, भर पावसात लेकरे घेऊन रात्र कुठे काढली, परतल्यावर पहिली भाकरी कुणाच्या चुलीवर भाजली, हे तिथे होते. अख्ख्या प्रकल्पात जिवंत असे तेवढेच एक पान. आणि त्याला आधार काय? तर ‘असे सांगितले जाते’.

मी मुलाला बोलावले. विचारले, “कोण सांगते?”

“माझी आजी, सर.”

“मग तिचे नाव का नाही?”

“ती अंगठा करते, सर. तिचे कुठे पुस्तक आहे?”

या उत्तराने मी गप्प झालो. त्याने दोन चुका केल्या होत्या आणि दोन्ही चुका मुळात एकच होत्या. बोलणाऱ्याचे नाव त्याने पुसले होते. पहिल्या वेळी दुसऱ्याचे श्रम आपले म्हणून दाखवले. दुसऱ्या वेळी आपल्याच माणसाचे श्रम कुणाचेच नाहीत असे दाखवले.

पहिल्या चुकीला कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. पुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या, आणि पायरीगणिक शिक्षा वाढत जाते. साम्य यंत्र मोजते. यंत्राजवळ छापील मजकुरांचा साठा असतो. आजी त्या साठ्यात नाही. म्हणून तिचे शब्द उचलले तर साम्य शून्य टक्के! ज्यांचे शब्द कधी छापलेच गेले नाहीत, त्यांच्याकडून घेतलेले यंत्राला दिसत नाही. ते दिसायचे असेल तर लिहिणाऱ्यालाच दिसले पाहिजे.

परंतु केवळ विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. आमचे प्राध्यापक शेवटच्या आठवड्यात ‘संदर्भसूची जोडा’ एवढे सांगून मोकळे होतात. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी विद्यापीठाची पायरी चढले आहे, त्याला तळटीप हा एक निरर्थक विधी वाटला तर नवल काय? आणि आमची समीक्षा तरी त्याच्यापुढे कोणता कित्ता ठेवते? आमच्या लेखांत ‘बाबासाहेब म्हणतात’ हे शब्द पानोपानी येतात. कुठे म्हणतात, कोणत्या साली, कुणापुढे, याचा पत्ता नसतो. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. त्या कामात वसंत मून यांनी आयुष्य घातले. खंड कपाटात असतात आणि आम्ही मात्र भिंतीवरचे वाक्य उतरवतो.

यातून काय घडते याचे एकच उदाहरण देतो. जातिनिर्मूलनावरील ग्रंथाविषयी ‘लाहोरच्या भाषणात बाबासाहेब म्हणाले’ असे मी अनेकदा वाचले आहे. लाहोरला ते भाषण झालेच नाही. जातपात तोडक मंडळाला त्यातला मजकूर पेलवला नाही, अधिवेशन बारगळले, आणि १९३६ साली बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे आक्षेप आणि त्यांना दिलेले उत्तर आले. म्हणजे ‘म्हणाले’ या एका शब्दाने सुधारकांनी नाकारल्याचा सगळा इतिहास पुसला जातो. आवृत्तीचे साल गाळले की तो वादही गळून पडतो.

बाबावाक्यं प्रमाणम् ही वृत्ती ज्यांनी आयुष्यभर झिडकारली, त्यांच्याच वाक्याचे आम्ही पोथीवाक्य करावे ना! ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यांनी सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या नावानिशी पुढे मांडल्या, एकेक तपासली आणि मग आपले मत सांगितले. मोठ्या नावांपुढे मान तुकवण्यासाठी त्यांनी ती नावे घेतली नव्हती, झाडा घेण्यासाठी घेतली होती. संदर्भ देणे म्हणजे वाचकाच्या हाती आपल्याला तपासण्याचा अधिकार देणे. श्रुतीला तळटीप नसते, कारण तिला कुणी तपासायचे नसते.

मग आजीचे काय? तिलाही तोच न्याय. सांगणाऱ्याचे नाव, गाव, मुलाखतीची तारीख, घेणाऱ्याचे नाव. आणि सर्वांत आधी तिची परवानगी. नाव उघड झाल्याने गावात तिला त्रास होणार असेल तर नाव झाकावे, पण झाकले आहे असे स्पष्ट लिहावे. ‘असे सांगितले जाते’ ही पळवाट नको. हा मार्ग नवा नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली दिले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या संग्रहात जात्यावरच्या ओवीपाशी गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले असते. एरवी ज्याला ‘लोकसाहित्य, कर्ता अज्ञात’ म्हणून सोडून देतात, तिथे एक बाई उभी राहते. अज्ञात ती नव्हतीच. आम्ही विचारले नव्हते.

मी तो प्रकल्प नापास केला नाही, परत दिला. सांगितले, पहिली सहा पाने स्वतःच्या शब्दांत लिही. जिथे पुस्तकाचेच शब्द हवेत तिथे अवतरणचिन्हे घाल, ग्रंथकार, ग्रंथ, प्रकाशक, साल, पान दे. आणि सातव्या पानासाठी घरी जा.

तो गेला. पंधरा दिवसांनी आला तेव्हा तळटिपेत दोन नावे होती. मी विचारले, दुसरी कोण?

तो म्हणाला, “सर, आजी म्हणाली, ‘माझं एकटीचं नको लिहू. शेजारीण बी व्हती माझ्यासंगं. तिला इचार, मी खोटं सांगितलं का.’”

साक्षीदार द्यावा लागतो, आपले बोलणे दुसऱ्याला पडताळता आले पाहिजे, हे त्या बाईला कुणी शिकवले नव्हते. आम्ही मात्र पदव्या घेऊन ते विसरलो आहोत.