कोपरा मागणारा कर्णा

कर्णा म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक ग्रामोफोनचा पितळी कर्णा, जो आता जुन्या बाजारात शोभेची वस्तू म्हणून मिळतो. दुसरा मांडवाच्या खांबाला बांधलेला भोंगा, त्याबद्दल न बोललेलंच बरं. आज तिसऱ्या कर्ण्याबद्दल बोलायचं आहे. घरात बसून गाणं ऐकण्यासाठी केलेला कर्ण्याचा स्पीकर, आणि त्यातही एकच, क्लिप्शहॉर्न. त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या जागेबद्दल आम्ही जास्त बोलणार आहोत. कारण आमचं म्हणणं असं आहे की या यंत्रावर होणारी निम्मी टीका यंत्रावरची नसतेच, ते जिथे उभं केलं त्या कोपऱ्यावरची असते. उरलेली निम्मी मात्र यंत्रावरच करायला हवी, आणि ती फारसं कुणी करत नाही.

पॉल विल्बर क्लिप्श हा अमेरिकन इंजिनिअर. १९४१ मध्ये त्याने लहान आकाराच्या, खर्जासाठीच्या कर्ण्यावर एक शोधनिबंध लिहिला आणि १९४६ मध्ये अर्कान्सासमधल्या होप या छोट्या गावी कंपनी काढली. त्याचं पहिलं उत्पादन आजही बनतं आहे. सव्वाचार फूट उंच, अडीच फुटांहून रुंद, एकेक नग सुमारे ८० किलोचा. अशी वस्तू घरात आणणारा माणूस हौशी असतो, हे वेगळं सांगायला नको.

आता हा 'लहान आकार' कसा साधला ते बघा. लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही तळवे धरतो, तेच काम कर्णा करतो. आतला छोटा पडदा आणि बाहेरची मोकळी हवा यांची तो सांधेजोड करतो. पण जितका खालचा स्वर, तितकं कर्ण्याचं तोंड मोठं लागतं. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साधारण साडेआठ मीटर. मोकळ्या मैदानात तो स्वर नीट बाहेर टाकायचा तर कर्ण्याच्या तोंडाचा परीघ जवळपास तेवढा हवा, म्हणजे व्यास पावणेतीन मीटर. हे घरात येणार कुठून? क्लिप्शने केलं असं, की जमीन आणि दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा धरला. तिथून आवाजाला पसरायला मोकळ्या जागेचा फक्त आठवा हिस्सा मिळतो, म्हणून तोंडाचं क्षेत्रफळही आठव्या हिश्शाने भागतं. जवळपास सहा चौरस मीटरच्या जागी पाऊण चौरस मीटर. लाकडी पेटीत घडी घातलेला कर्णा मागच्या बाजूने दोन्ही भिंतींकडे उघडतो आणि पुढचं काम भिंती करतात. थोडक्यात, कंपनी तुम्हाला कर्ण्याचा बराचसा भाग विकते. शेवटचा भाग तुमच्या घरात आधीपासून असतो. किंवा नसतो.

पुण्यातल्या एका मित्राकडे ही जोडी आली, जुनी, परदेशातून उतरलेली. मित्र वाचणारा माणूस. स्पीकरबद्दलचं पहिलं पुस्तकी वाक्य त्याला पाठ होतं: स्पीकर कोपऱ्यात ठेवू नये, भिंतीपासून पुढे ओढावा. साध्या पेटीच्या स्पीकरसाठी ते बरोबरच आहे. तो कोपऱ्यात गेला की खर्ज फुगतो. भिंतीपासून मीटरभर पुढे आणला तर मागून परत येणारा आवाज ८५ हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो खरा, पण एकूण बोलणं मोकळं होतं. त्यामुळे मित्राने दोन्ही क्लिप्शहॉर्न फूट-सव्वा फूट पुढे ओढले आणि आम्हाला ऐकायला बोलावलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावली, आणि काय सांगायचं, खाँसाहेब भांडायला आल्यासारखे वाटले. त्यांचा आवाज नाजूक, टोकदार. त्यातला गोडवा गेला आणि टोक उरलं. मित्र म्हणाला, "लोक म्हणतात ते खरं आहे. हॉर्न ओरडतात."

इथे थोडं थांबू, कारण या 'ओरडण्या'चा नेमका खुलासा होऊ शकतो. या यंत्रात तीन कर्णे आहेत. खालचा कर्णा साधारण ४०० हर्ट्झपर्यंत काम करतो, मधला तिथून ६००० पर्यंत, वरचा त्यापुढे. काळी एकमध्ये गाणारा पुरुष घ्या. त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या जवळ, मध्य षड्ज १३९, तार षड्ज २७७, तार मध्यम ३७० च्या आसपास. म्हणजे तार मध्यमापर्यंत गळ्याचा मूळ स्वर खालच्या कर्ण्यातून येतो आणि त्याची धार, त्याचे व्यंजनस्वर मधल्या कर्ण्यातून. आता पेटी कोपऱ्यातून ओढली की खालच्या कर्ण्याचं तोंडच तुटतं. मूळ स्वर पातळ होतो, धार मात्र तशीच राहते, कारण मधल्या कर्ण्याला भिंतीशी काही देणंघेणं नाही. बुडखा कापलेला आवाज ऐकला की आपण त्याला ओरडणं म्हणतो. मग मित्राने काय केलं? अ‍ॅम्पवरचा बासचा खटका पिळला. डग्गा घुमायला लागला, गळा होता तिथेच राहिला.

स्पीकर परत कोपऱ्यात सरकवल्यावर दुसरी गंमत कळली. आपल्या फ्लॅटमध्ये भिंतीच्या पायथ्याशी स्कर्टिंगची फरशी असते, अर्धा-पाऊण इंच पुढे आलेली. पेटी तिला अडते आणि वर, पाठीच्या पूर्ण उंचीभर, फट राहते. कर्ण्यातली फट म्हणजे बासरीला चुकीच्या जागी पडलेलं भोक. फोमची पट्टी दाबून बसवल्यावर डाव्या बाजूचा आवाज लगेच भरला. डाव्याच. कारण उजवा कोपरा कोपराच नव्हता. भिंत दोन फूट जाऊन बाल्कनीच्या सरकत्या दारात संपत होती. तबला डावीकडे कलला तो कललाच. उजवीकडे प्लायवूडचे तक्ते लावून खोटा कोपरा करता येतो, तो उपाय सर्वमान्य आहे आणि चालतोही. पण मग बाल्कनीत जायचं कुठून, या प्रश्नावर घरात जे झालं ते इथे सांगत नाही.

आता यंत्रावरच्या टीकेकडे येतो. हे यंत्र जन्मलं तेव्हा ध्वनिमुद्रण मोनो होतं. एक स्पीकर, एक कोपरा. चार कोपऱ्यांच्या खोलीत एक चांगला कोपरा सापडणं फार अवघड नाही. स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ मध्ये, आणि मागणी एकदम बदलली. आता दोन कोपरे हवेत, एकाच भिंतीचे, दोन्ही बाजूंना काही फूट अखंड, दार-खिडकी नको, आणि शक्यतो खोलीच्या लांब भिंतीचे. क्लिप्शला अडचण ठाऊक होती. लांब भिंतीच्या दोन टोकांना स्पीकर गेले की मध्ये पोकळी वाटते, म्हणून त्याने दोन्ही बाजूंचा आवाज मिसळून मध्ये तिसरा स्पीकर द्यायला सांगितलं. त्याचा आधारही भक्कम होता: १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातला ऑर्केस्ट्रा तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन वाहिन्यांनी. मधल्या जागेसाठी क्लिप्शने १९५७ मध्ये जो स्पीकर काढला, त्याचं नावच 'हेरसी', म्हणजे पाखंड. कोपरा सोडल्याचं पाखंड! विनोदबुद्धी होती माणसाला. पण आम्ही याकडे कबुली म्हणूनही बघतो. दोन भरभक्कम कर्णे खोलीच्या टोकांना बांधून घातल्यावर मधली जागा भरायला तिसरं यंत्र लागतं, याचा अर्थ मूळ कल्पना स्टीरिओला ताणून बसवली आहे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. कोपऱ्यातल्या पेटीचं तोंड ४५ अंशांत वळलेलं असतं, ते तुम्ही बदलू शकत नाही. अठरा फुटी भिंत असेल तर दोन्ही आवाजांच्या रेषा भिंतीपासून नऊ फुटांवर छेदतात. त्या छेदाच्या जरा मागे बसलं तर एक फायदा मिळतो. तुम्ही डावीकडे सरकलात की डाव्या स्पीकरच्या जवळ जाता, पण उजव्याच्या थेट समोर येता. जवळचा थोडा मंद होतो, दूरचा ठळक होतो, आणि चित्र एका बाजूला कोसळत नाही. सोफ्यावरच्या तिघांना बरं ऐकू येतं. पेटीचे स्पीकर सरळ तोंडाने ठेवले तर हे साधत नाही. अठरा फुटी मोकळी भिंत असेल तर आम्ही हात जोडून सांगू, हेच घ्या. दहा-अकरा फुटी भिंतीवर मात्र रेषा पाच-साडेपाच फुटांवरच छेदतात, आणि तिथे बसलात तर तिन्ही कर्णे वेगवेगळे ऐकू येतात. ते एकजीव व्हायला नऊ-दहा फूट तरी अंतर हवं. शिवाय कंपनी सांगते त्याप्रमाणे एका वॅटला १०५ डेसिबल. साधा पेटी-स्पीकर ८७ च्या आसपास असतो, म्हणजे त्याला साठेक वॅट लागतील तिथे याला एक पुरतो. इतक्या जवळून अ‍ॅम्पची सरसर आणि तबकडीचा प्रत्येक ओरखडा समोर येतो.

आपल्या घरांची एक बाजू मात्र जमेची आहे, आणि ती परदेशी सल्ल्यांमध्ये सापडत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांच्या आतल्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या पत्र्यांच्या. त्या खालच्या स्वरांना हलतात, खर्ज गिळतात. आपली विटांची, सिमेंटचा गिलावा केलेली भिंत हलत नाही. कर्ण्याचा शेवटचा भाग म्हणून ती उत्तमच. फक्त समोरची उघडी भिंत आणि खालची गुळगुळीत फरशी मधल्या कर्ण्याचा आवाज तितक्याच जोमाने परत फेकते. सतरंजी, पुस्तकांचं कपाट, जाड पडदा, एवढ्याने बराच फरक पडतो.

मग मित्राने, आमच्या आग्रहाने आणि बऱ्याच कुरकुरीनंतर, उजवा स्पीकर बंद केला. डावीकडचा चांगला कोपरा, एकच कर्णा, मोनो. केसरबाई केरकर लावल्या. मित्राची आई तोवर कधी गाणं ऐकायला बसायची नाही. त्या स्वतः गाणं शिकलेल्या. दोन स्पीकर आल्यापासून त्यांचा भिंतीकडचा दिवाण एका कर्ण्याच्या अगदी तोंडाशी आला होता. त्या दिवशी त्या दिवाणावर बसल्या, जरा वेळाने म्हणाल्या, "अरे, मघापर्यंत बाई कुठे उभी आहे तेच कळत नव्हतं. आता कोपऱ्यात बसून गातेय." आम्ही खुर्चीवर, काकू दिवाणावर, मित्र दारात उभा, तिघांनाही बाई एकाच जागी ऐकू येत होत्या.

आमचं मत त्या दिवशी पक्कं झालं. आपण जे गाणं जीव टाकून ऐकतो, खाँसाहेब, केसरबाई, ७८ फेऱ्यांच्या सगळ्या तबकड्या आणि पहिल्या काळातल्या एलपी, ते सगळं मोनो आहे. दोन वाईट कोपऱ्यांतून ते ऐकण्यापेक्षा एका खऱ्या कोपऱ्यातून ऐकणं जास्त प्रामाणिक आहे. यात हरवतं काय? नंतरच्या स्टीरिओ मुद्रणांतला विस्तार हरवतो, जुगलबंदीत दोन वाद्यांमधलं अंतर हरवतं. मित्राला ते मान्य नाही, आणि त्याचा मुद्दा खोटा नाही.

एका कोपऱ्याचे तोटेही आहेत. कोपरा खोलीच्या सगळ्या अनुनादांना एकदम जागं करतो. पंधरा फुटी खोलीत पहिला ३७-३८ हर्ट्झला, बारा फुटी बाजूने ४७ ला. समोरच्या कोपऱ्यात बसलात तर हे सगळे एकत्र अंगावर येतात. खोलीच्या अगदी मध्यावर बसलात तर काही स्वर गायबच होतात. म्हणून खुर्ची मध्यापासून फूट-दोन फूट मागे, जरा तिरकी, आणि तंबोरा लावून खुर्ची सरकवत जायचं. जिथे खर्ज आणि जोड सारख्याच वजनाने ऐकू येतात ती जागा. मोजपट्टीपेक्षा आम्हाला हा मार्ग भरवशाचा वाटतो.

अलीकडच्या क्लिप्शहॉर्नची पाठ कंपनीने बंद केली आहे, त्यामुळे भिंतीला चिकटवण्याची, फट बुजवण्याची कटकट गेली. सोय झाली, यात शंका नाही. जुनी जोडी घेणाऱ्यांनी मात्र आधी स्पीकर बघू नये, आधी आपल्या खोलीचे कोपरे बघावेत. मागच्या आठवड्यात एकांनी फोनवर विचारलं की मोनोसाठी अ‍ॅम्पच्या डाव्या-उजव्या तारा एकत्र पिळल्या तर चालेल का. अजिबात नाही, अ‍ॅम्प जळू शकतो. अ‍ॅम्पवर मोनोचा खटका असेल तर तो वापरा. नसेल तर अ‍ॅम्पच्या आधी, रोधक घालून, दोन्ही बाजू मिसळून घ्या. कुठलाही जाणता दुरुस्तीवाला अर्ध्या तासात करून देतो. मित्राचा उजवा स्पीकर सध्या आतल्या खोलीत आहे, चादर पांघरून. आता प्रश्न घेऊ.