‘बायोशॉक’ : समुद्रतळीची नगरी

संगणकावरील खेळांची चिकित्सा या पानांवर कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर इतकेच की, मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न ज्या कृतीने गंभीरपणे हाताळला आहे तिची दखल घ्यावीच लागते, मग ती कागदावर असो वा पडद्यावर. केन लेव्हीन यांच्या दिग्दर्शनाखाली तयार होऊन २००७ साली प्रसिद्ध झालेला ‘बायोशॉक’ हा विज्ञानकल्पित मारधाडीचा खेळ अशी कृती आहे. (कथेतील रहस्य पुढे उघड होणार आहे, ज्यांना तो खेळावयाचा असेल त्यांनी येथेच थांबावे.)

कथेचा काळ १९६०. अटलांटिक महासागरात एक विमान कोसळते. वाचलेला प्रवासी जॅक एका दीपगृहाचा आश्रय घेतो आणि तेथून समुद्रतळीच्या ‘रॅप्चर’ नगरीत उतरतो. आपल्या घामाचे फळ सरकारने वा धर्मपीठाने हिरावू नये, या हट्टापायी अँड्र्यू रायन या धनिकाने ही नगरी वसविलेली. लेखिका अयन रँड यांच्या स्वार्थवादी तत्त्वज्ञानाचीच ही परीक्षा होय. माणसाची जडणघडण बदलणाऱ्या ‘अ‍ॅडम’ नामक द्रव्याच्या व्यसनाने ती नगरी उद्ध्वस्त झालेली आहे. हे कोणी व्याख्यान देऊन सांगत नाही. ‘काश्मीर’ नावाच्या उपाहारगृहात १९५९ च्या स्वागताचे फलक तसेच लोंबत असतात, वेडे झालेले नागरिक मेजवानीचे मुखवटे लावूनच अंगावर धावून येतात, आणि काचेपलीकडचा समुद्र थेंबाथेंबाने आत येत राहतो. पाणबुड्याच्या अवजड पोशाखातील रक्षक आपण होऊन कोणाला छेडीत नाही; तो फक्त एका लहान मुलीमागून जड पावलांनी चालतो. त्याच्यावर पहिला वार करताना हात कचरतो, हे या खेळाचे मोठे यश आहे.

परंतु खरी करामत मध्यावर आहे. बिनतारी यंत्रावरून जॅकला मार्ग दाखविणारा अ‍ॅटलस प्रत्येक वेळी ‘कृपा करून’ अशा अर्थाचे आर्जव करी. तेच शब्द जॅकच्या मनावर लहानपणी बिंबविलेली आज्ञा होती, हे रायनच्या दालनात उघड होते, आणि रायन तेच शब्द उच्चारून स्वतःचा वध करवून घेतो. खेळणाऱ्याच्या हातातील नियंत्रण त्या क्षणी काढून घेतलेले असते. धाकाने केलेल्या कृत्यास आपला कायदा काही अंशी क्षमा करतो, खुनास मात्र नाही. येथे तर धाकही नाही. कर्त्याला इच्छाच नाही. आमच्या वकिली बुद्धीला या प्रसंगाने दोन रात्री स्वस्थ झोपू दिले नाही.

आता दोष. त्या लहान मुलींना वाचवावे की त्यांच्यातील अ‍ॅडम ओरबाडून त्यांचा जीव घ्यावा, हा खेळातील नैतिक पेच. मुलगी मारली तर १६० अ‍ॅडम, वाचविली तर ८०. पण दर तीन मुली वाचविल्या की २०० ची भेट मिळते. म्हणजे तिघींमागे ४८० विरुद्ध ४४०. शिवाय भेटीत इतर साहित्य येते ते वेगळेच. ज्या त्यागात गमावण्यासारखे जवळजवळ काहीच नाही त्याला त्याग कसा म्हणावा? मृत्यूचेही तसेच. मेल्यावर जवळच्या यंत्रात नायक फुकट पुन्हा जिवंत होतो आणि शत्रूच्या जखमा तशाच राहतात. चिकाटी असली की कौशल्य लागतच नाही. (हे यंत्र बंद ठेवण्याची सोय पुढे देण्यात आली, हे मान्य केले पाहिजे.) यंत्रे फितविण्यासाठी नळ्या जुळविण्याचे कोडे पहिल्यांदा गमतीचे वाटते, विसाव्यांदा नव्हे.

रायनच्या मृत्यूनंतर तर कथानक घसरतेच. आज्ञेचा पाश तुटल्यावरही जॅक दुसऱ्या आवाजाच्या सूचना तशाच पाळीत राहतो. लेखकांनी ही विसंगती मुद्दाम ठेवली असती तर ती अपूर्व ठरली असती. पण तसे कोठेही दिसत नाही. आणि शेवटी अ‍ॅटलसचे सोंग घेतलेला धूर्त फॉन्टेन अ‍ॅडमने फुगून राक्षसदेही होतो व एखाद्या सामान्य मारधाडपटातील खलनायकासारखा लढतो. ज्याचे सारे सामर्थ्य एका शब्दात होते, त्याला अखेरीस स्नायू दाखवावे लागले.